मीटरखाली सात दिवस

मी एखादी गोष्ट समजावून सांगितली आणि समोरच्याला समजली नाही, असं छत्तीस वर्षांत एकदाही घडलेलं नाही. ही बढाई नव्हे. शाळेत विज्ञान शिकवत होतो. वर्गात साठ पोरं, त्यातली वीस खिडकीबाहेर बघणारी, दहा झोपलेली, आणि तरी तास संपेपर्यंत तरफ म्हणजे काय हे झोपलेल्यांनाही कळलेलं असायचं! त्यामुळे आमच्या इमारतीत विजेचे नवे मीटर बसले आणि लोक घाबरले, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "दहा मिनिटांचं काम आहे. खाली जाऊन समजावून येतो."

ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "जाऊ नका."

मी गेलो.

आधी जागा सांगतो. आमच्या जिन्याच्या पायथ्याशी चांगली ऐसपैस मोकळी जागा आहे. एका भिंतीवर अकरा घरांचे अकरा मीटर, समोरच्या भिंतीवर पत्रपेट्या, मध्ये गार फरशी. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी पाच ते सहा तिथे माझा वर्ग भरतो. इमारतीतली सात पोरं, एक चटई आणि मी. फी नाही, परीक्षा नाही, गृहपाठ नाही, त्यामुळे पोरं वेळेवर येतात. जुने मीटर तर आमचं शिकवण्याचं साहित्यच होतं. आत एक चकती गोल फिरायची. एका पोराला वर पाठवून घरातली इस्त्री लावायला सांगितली, की खाली चकती अशी पळायची, जणू तिची बस सुटते आहे! नव्या मीटरमध्ये चकती नाही. आकडे आहेत, आणि एक बारका लाल दिवा. तो डोळा मारल्यासारखा लुकलुकतो.

सगळं त्या डोळ्यावरून सुरू झालं.

मी खाली पोचलो तेव्हा पहिल्या मजल्यावरचे औषधवाले चारपाच शेजाऱ्यांसह आधीच मीटरसमोर उभे होते. यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. माणूस लाखमोलाचा, पण जन्मभर औषधांच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठ्या वाचून त्यांची नजर एकाच दिशेला वळलेली. कुठलीही नवी वस्तू दाखवा, ते आधी तिचे दुष्परिणाम विचारतात. मागे इमारतीला रंग दिला, तेव्हा त्यांनी रंगाऱ्याला गाठून विचारलं होतं की हा वास जेवणाआधी घेतलेला बरा की जेवणानंतर.

मीटर बसवणारा फिटर शेवटचा स्क्रू आवळत होता. दिवा का लुकलुकतो, असं औषधवाल्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, वीज मोजतोय. प्रकरण इथेच मिटलं असतं. पण मला ते उत्तर अर्धवट वाटलं, आणि अर्धवट उत्तर शिक्षकाला पाहवत नाही. मी पुढे होऊन सांगितलं, की हा मीटर नुसता मोजत नाही. मोजलेला आकडा तो आपला आपण ऑफिसला कळवतो, तेही बिनतारी.

"कशातून कळवतो?" औषधवाल्यांनी विचारलं.

"लहरींतून."

"म्हणजे त्या लहरी इथून जातात. आपण आत्ता उभे आहोत तिथून."

"सगळीकडूनच जातात," मी उत्साहाने म्हणालो. "तुमच्याआमच्या अंगातूनसुद्धा."

शिजत आलेल्या भातात कुणी तांब्याभर गार पाणी ओतलं तर आचारी जसा पाहील, तसं फिटरने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने घाईघाईने सांगितलं, की यापेक्षा तुमच्या खिशातला मोबाइल कितीतरी जास्त बडबड करतो. जमलेल्या सगळ्यांनी आपापला मोबाइल बाहेर काढला, त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि परत खिशात घातला. मोबाइल घरचा होता. मीटर परका होता.

दोन दिवसांत इमारतीचा चेहरामोहरा बदलला. एरवी गुडघ्यांच्या नावाने रडणारी माणसं जिन्याचा पायथा पळत ओलांडू लागली. मीटरचा एवढा फायदा मीही मान्य करतो! तिसऱ्या मजल्यावरच्या मामी पत्रं काढायला आल्या की मीटरच्या बाजूला छत्री उघडून धरायच्या. कुणीतरी मीटरच्या पेटीवर ओला टॉवेल टाकला. तो मात्र मी फिटरला परत बोलावून काढायला लावला आणि सगळ्यांना सांगितलं, की बाबांनो, इतका वेळ इथे धोका नव्हता, तो आत्ता तुम्ही आणून टांगलात. हे वाक्य जरा जोरात बोललो असेन. त्यातलं 'धोका' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता मी चटई पसरून बसलो. पोरं आली, पण खाली नाही. वरच्या वळणावर कठड्याला धरून ओळीने उभी राहिली. औषधवाल्यांची दहा वर्षांची मुलगी पुढे झाली. तिला मी शंका म्हणतो, कारण तिचा हात कायम वर असतो. ती म्हणाली, "आजोबा, बाबांनी सांगितलंय, मीटर चांगला आहे असं सिद्ध होईपर्यंत वर्ग बंद. सगळ्यांच्या घरी तसंच ठरलंय."

दुसरी जागा कुठून आणायची? गच्चीला कुलूप. माझ्या घरात बायकोचं शिवणकाम, जमिनीवर टाचण्या. चटई गुंडाळून दोन मजले चढलो. एरवी काखेत मावणारी ती चटई त्या दिवशी ओल्या गादीसारखी जड लागली. बायकोने विचारलं, आज लवकर कसे? मी म्हणालो, मीटर.  सहा वाजेपर्यंत मी खुर्चीत बसून राहिलो. त्या एका तासात हातांचं काय करायचं, हेच कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला सुचलं. औषधवाल्यांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, की मी सात दिवस रोज एक तास त्या मीटरखाली बसतो. माझ्यावर प्रयोग करा. पोरं वरून बघून वहीत लिहितील. मला काही झालं नाही, तर वर्ग सुरू. झालं, तर मी पुन्हा खाली चटई टाकणार नाही.

प्रयोग म्हटल्यावर औषधवाले विरघळले. वही कोणती, नाडी कोण मोजणार, सगळं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. शेवटी म्हणाले, की सातव्या दिवशी वही ते स्वतः वाचतील.

पोरांना मी एकच नियम दिला. जे दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. शंकाकडे वही. ज्या पोराच्या मनगटावर त्याच्या मामाचं ढगळ घड्याळ असतं, त्याला मी घड्याळ म्हणतो; तास संपवून मी वर आलो की त्याने नाडी मोजायची. कानावर कायम पेन्सिल अडकवलेली मुलगी म्हणजे पेन्सिल, तिने वहीत चित्रं काढायची. मी मीटरखाली खुर्ची मांडली आणि बसलो. सात दिवस बसलो. मला काहीही झालं नाही. इतकं काही झालं नाही, की सातव्या दिवशी मी स्वच्छ दाढी करून खाली गेलो आणि गुंडाळलेली चटईही बरोबर नेली.

सगळी इमारत जमली होती. औषधवाल्यांनी वही उघडली आणि मोठ्याने वाचायला घेतली.

"पहिला दिवस. नाडी बहात्तर. आजोबा खुर्चीत बसले. काही झालं नाही."

मी सगळ्यांकडे पाहून मान डोलावली.

"दुसरा दिवस. नाडी बहात्तर. आजोबांनी घड्याळला पेन्सिल म्हटलं. पेन्सिलला शंका म्हटलं. मला थोडा वेळ बघून बाळ म्हटलं."

कुणीतरी खोकलं.

"तिसरा दिवस. आजोबांच्या पायात दोन चपला होत्या. दोन्ही डाव्या. एक आजींची होती. चौथा दिवस. आजोबा पाच वाजून बारा मिनिटांनी झोपले. पाच एकतीसला उठले आणि म्हणाले, मी विचार करत होतो. पाचवा दिवस. आजोबांनी मीटरला विचारलं, काय म्हणतोस? मग ते थोडा वेळ थांबले."

मामींनी छत्री उघडली.

"सहावा दिवस. आजोबा तास संपल्यावर चहा प्यायला घरी निघाले आणि पहिल्या मजल्यावर आमच्या घरात जाऊन बसले. आईने चहा दिला. आजोबा तिला म्हणाले, आज साखर बरोबर पडली. सातवा दिवस. आजोबांनी विचारलं, आज कितवा दिवस? आम्ही सांगितलं. त्यांनी परत विचारलं."

शेजारी पेन्सिलचं चित्र होतं. खुर्चीत मी, तोंड उघडं, आणि माझ्या डोक्यावर अकरा मीटर हसताहेत!

वहीत एक अक्षर खोटं नव्हतं. इतकं शिस्तीचं निरीक्षण माझ्या छत्तीस वर्षांतल्या एकाही विद्यार्थ्याने केलेलं नाही. मला एकाच वेळी अभिमानाने भरून येत होतं आणि घाम फुटत होता. औषधवाल्यांनी वही मिटली आणि चिठ्ठी वाचतात त्या आवाजात म्हणाले, "विस्मरण. दिशाभ्रम. अवेळी झोप. निर्जीव वस्तूंशी संभाषण."

मी म्हणालो, "अहो, यात मीटरचा काही दोष नाही. मी पहिल्यापासून असाच आहे."

"सर," ते फार मायेने म्हणाले, "असं प्रत्येक पेशंट म्हणतो."

तेवढ्यात जिन्यावर हात वर झाला. शंकाने विचारलं, मीटर बसायच्या आधीच्या नोंदी कुठे आहेत? त्या नसतील तर तुलना कशाशी करायची? शाब्बास! ही चूक तर माझीच होती. आधीचं मोजल्याशिवाय नंतरचं मोजू नये, हे मी पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि मीच विसरलो होतो. औषधवाल्यांना मुद्दा पटला. ते म्हणाले, ठीक आहे, सरांनी मीटर येण्यापूर्वीच्या विसरण्याच्या दोनतीन घटना सांगाव्यात, तारीखवार.

मी तोंड उघडलं. एक घटना आठवेना!

वाचकहो, तुम्हीच सांगा. मी पुष्कळ विसरतो हे मला पक्कं माहीत होतं. पण काय काय विसरलो, हे मला कसं आठवणार? पाच मिनिटं खुर्चीत डोकं खाजवत बसलो. मामी शेजारणीला हळूच म्हणाल्या, "बघा, विसरल्याचंसुद्धा विसरले."  वर कठड्याशी पेन्सिलने कानावरची पेन्सिल काढून पाठीमागे लपवली.

मग मला माझी साक्षीदार आठवली. माझ्या चुकांचा चालताबोलता कोश, म्हणजे माझी बायको, दोन मजले वर बसून बाह्या शिवत होता. पोरं धावत जाऊन तिला घेऊन आली. गळ्यात मोजपट्टी तशीच. तिने पाहिलं, की मधोमध खुर्चीत मी घामाघूम, आणि भोवती सगळी इमारत. तिचा चेहरा एकदम बदलला. औषधवाल्यांनी विचारलं, मीटर बसण्यापूर्वी सरांची स्मरणशक्ती कशी होती?

"यांची?" ती ताठ उभी राहून म्हणाली. "दगडावर कोरल्यासारखी. एक गोष्ट कधी विसरले नाहीत."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने चारचौघांत माझं पहिल्यांदा कौतुक केलं, ते त्या क्षणी! मी म्हणालो, अगं, खरं सांग. ती म्हणाली, खरंच सांगते आहे, तुम्ही कुणाला घाबरू नका. मी तिला खुणावलं, डोळे मोठे केले, कपाळावर हात मारला. औषधवाल्यांनी वही वर शंकाच्या हातात देत हळू आवाजात सांगितलं, हेही लिही.

शेवटी मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तू असं सांगितलंस तर माझा वर्ग बंद होईल."

 तिने माझ्या पायाशी गुंडाळलेल्या चटईकडे पाहिलं, मग वर कठड्याला लटकलेल्या सात तोंडांकडे पाहिलं. गळ्यातली मोजपट्टी काढून घडी केली आणि सुरुवात केली.

"लग्नाला दोन महिने झाले होते. हे मला बसस्टँडवर विसरून घरी गेले आणि सासूबाईंना विचारलं, ही कुठे गेली? मुलगी तिसरीत होती, तेव्हा तिच्या पालकसभेला गेले, दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीचं कौतुक ऐकून आले आणि आमच्या मुलीला नवी सायकल घेऊन दिली."

पुढे ती पंचवीस मिनिटं बोलली. साल, महिना, वार, आणि त्या दिवशी मी कुठला शर्ट उलटा घातला होता, तेही. शंकाच्या पेन्सिलीचं टोक दोनदा संपलं. मामींनी छत्री मिटून बूड टेकलं. मध्येच एकदा बायको म्हणाली, की आणखीही आहे, पण मुलांसमोर नको. तेव्हा खुद्द औषधवाल्यांनी विनवलं, की वहिनी, पुरे, एवढा पुरावा पुष्कळ झाला.

त्यांनी निकाल दिला. दुखणं जुनं आहे, मीटर नवा आहे, सबब मीटर निर्दोष. वर्ग उद्यापासून सुरू करायला हरकत नाही. मग माझ्याकडे जरा काळजीने पाहून त्यांनी शंकाला सांगितलं, की वही मात्र बंद करू नकोस.

तेव्हापासून वर्ग मीटरखालीच भरतो. परवाच मी चुंबक शिकवला. उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव, लोखंडाचा कीस, सगळं साग्रसंगीत. पोरं इतकी रंगून ऐकत होती की मला माझंच कौतुक वाटलं. तास संपल्यावर चटई गुंडाळताना शंकाची वही उघडी पडलेली दिसली. दुसऱ्याची वही वाचू नये, पण ती माझ्याबद्दलच होती, म्हणून वाचली.

लिहिलं होतं, "आजोबांनी आज चुंबक शिकवला. तिसऱ्यांदा. आजच्या खेपेला जास्त चांगला समजला."