पेशीची तारीख

अनंतराव सर छातीठोकपणे सांगायचे, "कांद्याच्या मुळातली पेशी मला कधी नाही म्हणालेली नाही!" विज्ञान शिकवून निवृत्त झाले तरी पाथरीतल्या त्यांच्या ओसरीवर पोरं गोळा व्हायचीच. या खेपेला तर सरांनी परभणीहून सूक्ष्मदर्शक मागून आणला होता. पण तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतच! तोवर पोरांना पेशीचं विभाजन दिसलं नाही, तर सरांची सगळी ऐट पाण्यात.

मुळं फुटलेले कांदे मात्र पोरांमधल्या दैवशालाच्या गावी, घरातल्या ग्लासांवर. ती स्वतः इथं वसतिगृहात. म्हणून सरांनी तिच्या वडिलांना फोन लावला.

"दत्तराव, उद्या पेशी आहे. आठला माझ्याकडं या. विभाजन बघायचंय. मुळं आणायला विसरू नका!"

पलीकडून हळूच, "बरं, सर."

आठला जीपमधून दत्तराव उतरले. मागं धाकटा भाऊ आदिनाथ. दोघांची तोंडं दोन दिशांना!

"मुळं कुठायत?"

दत्तरावांनी पिशवी पुढं केली. "ही काय, जमिनीची मूळ कागदं. समदी आणलीत."

आदिनाथ भडकला. "दादा, वाटणी पायजे तर तोंडानं बोलायचं! कोर्टाची पेशी कशाला लावली?"

"म्या? तूच लावलीस की रं!"

"अहो, पेशी मी लावलीय!" सर ओरडले.

दोघं गर्रकन वळले. "आमच्या जमिनीत तुमचा काय हिस्सा, सर?"

आपल्याकडं कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात, हे सरांना तेव्हा आठवलं! भावाभावांची समजूत काढेपर्यंत नऊ वाजले. दैवशाला वडिलांपुढं रडकुंडीला आली. "अण्णा, माझे कांदे?"

"कोर्टात दिवस जातो म्हणून भाकरीसंगं दोन आणलेत बघ. ग्लासावर बसले होते. लय म्हातारे, दाढ्या वाढलेले!"

सर शिदोरीवर तीन दिवसांच्या उपाशासारखे तुटून पडले. दाढीची टोकं कापली, आम्लात जराशी ऊन केली, लाल रंगात बुडवली आणि काचेवर अंगठ्यानं चेपली.

"हा पंगतीचा फोटो समजा," सर पोरांना म्हणाले. "कुणाला नुकतं वाढलंय, कुणी जेवतंय, कुणी हात धुवायला उठलंय. जी पेशी जिथं होती तिथंच थांबली. सगळ्या बघितल्या की अख्खं चक्र कळतं."

दहाला पाच कमी! तेवढ्यात दैवशाला किंचाळली, "सर, दिसली! एकीच्या दोन व्हायल्यात!"

पोरांमागून दोघा भावांनीही डोळा लावला. सर फुलून म्हणाले, "पेशी शहाणी. वेगळं होण्याआधी गुणसूत्रं, म्हणजे घराण्याची सगळी कागदं, दुप्पट करून ठेवते. दोघींना पुरा संच. भांडणच नाही! काय आदिनाथ, काही शंका?"

आदिनाथनं नळीतून डोळा काढला.

"समदं खरं, सर. नकला निघाल्या, वाटणी झाली... पण तलाठी कुठंच दिसंना!"