कडेच्या पट्टीचे मानकरी

"पांढरी लावली तर उठून दिसेल," एवोदियो गिटार खिडकीपाशी धरून म्हणाला. "काळी लावली तर भारदस्त दिसेल. तांबडी लावली तर..."

"तोवर जत्रा उलटून जाईल," त्याची बायको एर्मेलिंदा चुलीपाशी बसून म्हणाली.

गिटार झाली होती. राहिली होती फक्त कडेची पट्टी. पाठ आणि बाजू गर्द तपकिरी लाकडाच्या, आत मधाच्या रंगाच्या रेषा. ही फळी एर्मेलिंदाच्या बापाची. योग्य हात मिळाला की काढू, असं म्हणत त्याने ती अठ्ठावीस वर्षं माळ्यावर ठेवली आणि शेवटी जावयाला दिली. मरताना माणूस फार चिकित्सा करत नाही. एर्मेलिंदाची इच्छा एवढीच होती की ऑगस्टच्या जत्रेतल्या स्पर्धेत लोकांनी ते लाकूड पाहावं आणि विचारावं, फळी कुणाची?

"बारीक फिकट पट्टी लाव आणि मोकळा हो, म्हातारबा. लाकूड दिसू दे."

"तुला यातलं काय कळतं?" एवोदियो म्हणाला. एर्मेलिंदा सहाव्या वर्षापासून बापाच्या गिटारी घासत होती, पण हे त्याला पंचवीस वर्षांच्या संसारात आठवायला सवड मिळाली नव्हती. बाजू कापून दोन बोटं रुंदीचा लांब तुकडा उरला होता. तो त्याने पायाने सरकवला. "हा चुलीत घाल."

एर्मेलिंदाने तो उचलला, शालीच्या पदराने पुसला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला.

आमच्या पाराचो गावात दर तिसऱ्या घरात गिटार बनते आणि उरलेल्या दोन घरांत तिच्याविषयीची मतं. त्यामुळे इथे शहाण्याने सल्ला विचारू नये. एवोदियोने तो विचारलाच, शिवाय मानकरीपणही देऊ केलं. आमच्याकडे कुठलंही कार्य एकट्याचं नसतं. पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाला केक आणून देणारा मानकरी वेगळा, बुटांचा वेगळा, फुलांचा वेगळा. मान दिला की तो नाकारता येत नाही आणि मानकऱ्याने आणलेली वस्तू परत करता येत नाही. केली, तर मयताला खांदा द्यायला माणूस मिळणार नाही.

रविवारी चर्चच्या पायरीवर एवोदियो नाबोरला म्हणाला, "कोम्पाद्रे, दोस्ता, माझ्या पट्टीचा मानकरी तू." सोमवारी न्हाव्याकडे तो त्रांकिलिनोला तेच म्हणाला. मंगळवारी मक्याच्या गिरणीवर एउफ्रोसिना भेटली, तिलाही तेच. पट्टी चुकली तर खापर फोडायला एखादं डोकं असावं, एवढाच त्याचा हेतू. त्याने तीन जमवली.

बुधवारी तिघंही एकदम दारात.

"मी शिंपला आणलाय," त्रांकिलिनो म्हणाला. "अस्सल. चमकतो बघ कसा!"

"शिंपला? गिटार आहे का मासळीबाजार?" नाबोरने तांबड्या-हिरव्या काड्यांची जुडी पुढे केली. "रंग पाहिजेत रंग. मी मानकरी आहे."

"तू? अरे, मान माझा आहे!"

"भांडा तुम्ही," एउफ्रोसिना खुर्ची ओढून बसली. तिचं भरतकाम साऱ्या बाजारात प्रसिद्ध. तिने मोरांचा कागद उलगडला. "गिटारीच्या भोकाभोवती हे मोर येणार. मला दिलेला शब्द आहे, काय एवोदियो?"

एवोदियोने बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे टोमॅटो चिरत होती. शेवटी तो म्हणाला, "तिघांचंही लावू!"

मग खाचा पडायला लागल्या. शिंपल्याशेजारी हिरवा फारच ओरडत होता, म्हणून मध्ये पांढरी रेघ आली. पांढऱ्याशेजारी तांबडा गावंढळ दिसू लागला, म्हणून काळी आली. पुढच्या फळीवर मोर बसले, आणि मोरांच्या पिसाऱ्यापुढे कडेची पट्टी बापुडवाणी वाटू लागली. ती दुप्पट केली. "आणि पाठ अशी बोडकी ठेवणार?" एउफ्रोसिनाने विचारलं, तेव्हा मोर पाठीवरही उतरले. प्रत्येक मानकरी दुसऱ्यापेक्षा एक रेघ जास्त मागत होता आणि प्रत्येक रेघेला लाकूड तासलं जात होतं.

"माझ्या बापाची फळी कुठे आहे रे?" एर्मेलिंदाने विचारलं.

"आहे ना, खाली आहे!"

जत्रेच्या दिवशी तिघे मानकरी इस्त्रीचे कपडे घालून गिटारीमागे उभे राहिले. एर्मेलिंदानेही निळ्या पट्ट्यांची नवी शाल घेतली होती. ते पाहून एवोदियोला भरून आलं. आपल्यासाठीच नटली, असं त्याला वाटलं.

परीक्षकाने गिटार डोळे किलकिले करून पाहिली. "छान. लाकूड कोणतं?"

एवोदियोने गिटार फिरवली, पुन्हा फिरवली. "हे बघा... थांबा... या मोराच्या पायाखाली दिसतंय थोडं."

परीक्षकाने तार छेडली. तासून तासून पातळ झालेल्या गिटारीतून संत्र्याच्या रिकाम्या खोक्यासारखा आवाज आला. मानकरी एकेक पाऊल मागे सरकले.

पहिला नंबर समोरच्या घरातल्या लिओबार्दोला मिळाला. त्याची गिटार फिकट सायप्रस लाकडाची, साधीसुधी. कडेला फक्त एक बारीक गर्द तपकिरी पट्टी, तिच्यात मधाच्या रेषा. लोक माना वाकवून पाहू लागले.

"ही पट्टी कसल्या लाकडाची?" परीक्षकाने विचारलं.

"माझी मानकरीण सांगेल," लिओबार्दो बाजूला सरकला.

निळ्या पट्ट्यांची शाल मंचावर चढली. "माझ्या बापाची फळी आहे," एर्मेलिंदा म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं माळ्यावर होती."

टाळ्या वाजल्या. एवोदियोच्याही हातांनी दोन वाजवल्या, मग त्याच्या लक्षात आलं.

"त्याला दिलीस? समोरच्याला?" ती खाली उतरताच त्याने दातओठ खाऊन विचारलं.

"त्याने विचारलं, 'एर्मेलिंदाबाई, कडेला काय लावू?' मी सांगितलं. त्याने लावलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांच्या आधी तुलाच सांगितलं होतं."

जिंकणाऱ्याने मानकऱ्याला घरच्यांसकट जेवू घालायचं, ही आमची रीत. नाही म्हणायची सोय नाही. त्यामुळे मानकरणीचा नवरा म्हणून एवोदियो लिओबार्दोच्या अंगणात तांबड्या रश्शाची वाटी घेऊन बसला. लिओबार्दोने अदबीने गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. एवोदियोने पट्टीवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. सांधा कुठे लागेना.

"मी चुलीत घाल म्हणालो, तो तुकडा हाच?"

"हाच," एर्मेलिंदा म्हणाली.

त्याने बोट पुन्हा पट्टीवर ठेवलं. डोळे ओले झाले होते. एर्मेलिंदालाही क्षणभर कसंसंच झालं. मग त्याने गिटार उजेडाकडे तिरकी धरली.

"चांगली दिसते," तो म्हणाला. "नुसता एक बारीक शिंपला बाजूला..."

एर्मेलिंदाने त्याच्या वाटीत मक्याच्या पिठाचा गरम कोरुंदा टाकला. "खा, म्हातारबा. तोंड भरलेलं असलं की मत बाहेर येत नाही."