पट्ट्यात अडकलेला चावीधारक

आमच्या फंडातला पैसा कुणी पळवून दाखवावा, असं मी छातीठोकपणे सांगत असे. सांगणारच! जोखीम-प्रमुख मी आहे. निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनचा पैसा आम्ही सांभाळतो आणि त्यातला चिमूटभर, म्हणजे शंभरातले पाच रुपये, क्रिप्टोत ठेवतो. भाव चढून पाचाचे सहा झाले, की त्याच दिवशी जास्तीचं विकायचं, हा माझा नियम. लोक भाव पडला की घाबरतात, मी चढला तरी घाबरतो. मला पगारच त्याचा मिळतो.

दुसरा नियम चाव्यांचा. आमची नाणी एका तिजोरी कंपनीकडे असतात. माझ्यासह तीन चावीधारकांपैकी दोघांनी मोबाईलवर मंजुरी दिल्याशिवाय ती जागची हलत नाहीत. शिवाय मंजुरी देताना कंपनीची बाई व्हिडिओवर येऊन आपला चेहरा बघते. का? समजा, उद्या कुणी चावीधारकाला डांबून, मानेवर सुरी ठेवून मंजुरी घेतली तर? तसा नुसता संशय आला तरी खातं तीन दिवस गोठवायचं. आणि धारक ‘मी ठीक आहे’ असं पुन्हापुन्हा सांगू लागला, तर तो ठीक नाही असंच समजायचं! हे शेवटचं वाक्य सुचलं त्या दिवशी मी स्वतःलाच चहा पाजला होता.

मग एका मंगळवारी भाव असा उधळला, की दुपारपर्यंत पाचाचे सात झाले. साहेबांचा फोन आला.

"संध्याकाळी सहाच्या आत विकून टाका. उद्याच्या बैठकीत विश्वस्तांना हे सात दिसले, तर क्रिप्टो जाईल आणि पाठोपाठ तुम्हीही. माझी मंजुरी मी दिली आहे, तिसरे विमानात आहेत. आता सगळं तुमच्यावर."

मी त्या वेळी माझ्या मोठ्या बहिणीच्या दवाखान्यात उताणा पडलो होतो. ताई फिजिओथेरपिस्ट. माझी पाठ धरली होती, म्हणून तिने छातीला एक पट्टा, कमरेला दुसरा बांधून मला पाठ ताणायच्या यंत्राला जुंपलं होतं. एका हातात मोबाईल तेवढा मोकळा.

"ताई, पाच मिनिटं सोड ना."

"मध्येच सोडलं तर बोंबलत बसशील. पड गप."

मग मी पडल्यापडल्याच मंजुरीचं बटण दाबलं आणि तिजोरी कंपनीची बाई पडद्यावर आली.

"सर, तुम्ही आडवे का आहात?"

"जरा पाठ..." यंत्राने ओढ घेतली. "आई गं!"

"सर, तुम्हाला बांधलंय का?"

"बांधलंय, पण माझ्याच भल्यासाठी."

मागून ताईचा आवाज आला, "हललास तर आणखी आवळीन हं."

"कोण आहे तिथे?"

"बहीण आहे हो माझी."

"तिथे तुम्ही स्वतःच्या मर्जीने आहात ना?"

आता ताईसमोर धाकट्या भावाला मर्जी असते का? मी क्षणभर विचारात पडलो आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. ताईने मोबाईल हिसकावला. "हे बघा, आत्ता तो बोलू शकणार नाही. काय हवंय ते माझ्याशी बोला."

मी कसाबसा मोबाईल परत मिळवला. "मी ठीक आहे! अहो, खरंच ठीक आहे. अगदी ठीक!" तिसऱ्यांदा म्हणताना मला माझाच नियम आठवला आणि दरदरून घाम फुटला. तो घाम बाईने पाहिला.

"समजलं सर," ती हळूच म्हणाली. "धीर धरा. मदत निघाली आहे."

खातं गोठलं. थोड्याच वेळात दोन पोलीस आणि त्यांच्यामागे धापा टाकत साहेब आत घुसले. ताईने मान वर केली. "आवाज नको. त्याचं अजून व्हायचंय, तोवर तिघंही त्या बाकावर बसा." पोलीस काहीतरी म्हणणार होते. "आणि असे पोक काढून बसू नका." तिघेही ताठ बसले.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा तोंडपाठ करूनच बैठकीला गेलो. पण क्रिप्टोची कृपा बघा! रातोरात भाव असा आपटला, की साताचे साडेचार झाले. विश्वस्तांच्या अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्मा सावरला.

"मर्यादेत आहे की."

"बाई, काल विकलं असतं तर केवढा नफा झाला असता," साहेब कळवळले.

"गेला तो गेला. पोलिसांना बाकावर बसवणारी ती कोण, ते सांगा."

माझी नोकरी वाचली, चावी गेली. चावीधारक कुणाच्याही दबावाला भीक न घालणारा हवा, असं विश्वस्तांचं एकमत झालं आणि माझी चावी ताईला मिळाली. आता भाव चढला, की हा जोखीम-प्रमुख बहिणीला फोन लावतो.

"ताई, मंजुरी दे ना. सहा वाजत आले."

"पाठीचे व्यायाम केलेस?"

"केले."

"व्हिडिओ लाव आणि करून दाखव."

मग मी केबिनचं दार आतून लावून घेतो आणि जमिनीवर आडवा होतो. काय करणार, हजारो शिक्षकांच्या पेन्शनचा प्रश्न असतो!