गोदूमावशीचा नवसाचा कोंबडा

चोरी म्हणजे काय, हे मला विचारा! शहापूरला एका वकिलांकडे मी कारकून आहे. गुन्हा व्हायला मनात वाईट हेतू लागतो आणि हातून तसं कृत्य घडावं लागतं, हे मी झोपेतही सांगेन. परवाच्या रविवारी वैशाखऱ्याला, सासुरवाडीच्या ओटीवर बसून सांगितलंही. सासरे, धाऊबाबा, कौतुकाने ऐकत होते.

"म्हंजे मन साफ असंल तर चोरी नाय?"

"अजिबात नाही," मी म्हणालो.

त्या कौतुकाने मी इतका फुगलो, की आजचा कोंबडा मीच कापणार आणि मीच रांधणार असं जाहीर करून टाकलं. मागच्या पडवीत टोपलीखाली तांबडा कोंबडा आहे, तो घ्या, असं सांगून धाऊबाबा शेतावर गेले. बायको, अनिता, आईबरोबर नदीवर धुणं घेऊन गेली.

आता, मागची पडवी आमची आणि शेजारच्या गोदूमावशीची सलग आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. टोपल्या दोन होत्या. पहिलीखाली तांबडा कोंबडा निघाला, मग दुसरी कशाला उचलू? कोंबडा असा देखणा, की मुंडावळ्या बांधल्या असत्या तर नवरदेव शोभला असता! पायात लाल दोरा होता. तो मी कापून चुलीत टाकला.

रस्सा उकळला. मीठ बघायला म्हणून मी तंगडी खाल्ली. तेवढ्यात मुरबाडच्या बाजारातून नारळ, अगरबत्ती घेऊन गोदूमावशी आली. बरोबर नात दीपिका. पोरगी पोलीस भरतीत निवडली गेली म्हणून म्हातारीने गावदेवीला कोंबडा कबूल केला होता.

पडवीत टोपली उचलल्याचा आवाज आला. मग वासाच्या मागाने दोघी आमच्या चुलीपाशी आल्या.

धाऊबाबाही शेतावरून परतले होते. त्यांनी दुसरी टोपली उचलून पाहिली.

"जावाय," ते कसंबसं म्हणाले, "आमचा हितं हाय."

मी धीर करून समजावलं, की मला तो आपलाच वाटला, हेतू वाईट नव्हता, सबब ही चोरी नव्हे. दीपिकाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि चुलीच्या तोंडाशी अर्धवट जळालेला लाल दोरा उचलला.

"मग पायातला हा नवसाचा दोरा जाळलात कशाला?" तिने विचारलं.

कोर्टात आरोपीचा चेहरा मी रोज बघतो. त्या दिवशी तो माझ्या मानेवर होता. अनिता धुण्याची बादली घेऊन दारात उभी होती, आणि तीही माझ्याकडे संशयाने बघत होती!

धाऊबाबांनी आपला कोंबडा देऊ केला. पण देवीला कबूल केलेला वेगळा होता, तेव्हा ज्याने खाल्ला त्यानेच तिला जाऊन सांगावं, असं म्हातारीने ठरवलं. देवळात आमच्या मागोमाग सगळी आळी आली. मी हात जोडले आणि सदर कोंबडा गैरसमजातून, अनवधानाने, अशी सुरुवात केली.

"सरळ बोल रे," गोदूमावशी म्हणाली.

"मी खाल्ला," मी पुटपुटलो.

आमच्या ऑफिसात प्रत्येक आरोपीला पहिला सल्ला एकच असतो: काही झालं तरी कबुली देऊ नका. मी गावादेखत दोनदा दिली. पहिल्यांदा म्हातारीला ऐकू गेलं नव्हतं.