देवस्थळी सरांच्या विचारानं घर सोडलं

निबंधकार अनंत देवस्थळी यांचा समतेचा विचार सोमवारी सकाळी त्यांचं घर सोडून त्यांच्या स्वयंपाकाच्या बाईंकडं, सुमन जगदाळेकडं, राहायला आला. काखेत वळकटी होती.

"सरांकडं काय कमी पडलं?" सुमननं विचारलं.

"चाळीस वर्षं त्यांनी माझ्यावर लिहिलं. सत्काराला गेले की मला शेजारी बसवायचे. पण स्वयंपाकघरात कधी येऊ दिलं नाही."

सुमनला हे पटलं. त्या स्वयंपाकघरात तिचा कप वेगळा होता, आणि तो विसळून खिडकीत पालथा घालायचं कामही तिचंच. तिनं विचाराला चटई दिली आणि गल्लीभर सांगून आली, सरांचा विचार आता आमच्यात असतो.

विचारानं घर बदललं की पालिकेत नोंद करावी लागते. बुधवारी कारकून आला. मागोमाग देवस्थळी सर. रविवारी त्यांचं व्याख्यान होतं आणि पहिल्या वाक्यापुढं गाडी जात नव्हती.

"तो माझा आहे, सुमनबाई. माझ्या सात पुस्तकांत आहे."

"पुस्तकांत असेल, सर. घरात कुठं होता?"

सर चष्मा काढून पुसायला लागले. सुमनला फार बरं वाटलं.

कारकून घर बघत मोरीपाशी आला. तिथं खिडकीत एक कान तुटलेला कप होता.

"हा कुणाचा?"

खोटं बोलता आलं असतं. पण विचार शेजारीच उभा होता.

"कचरा न्यायला बाई येते, तिचा."

"वेगळा का?"

सुमनची कानशिलं तापली. सर हसले असते तरी चाललं असतं. पण ते आपल्या चपलांकडं बघत होते.

कारकुनानं दोन्ही पत्ते खोडले. घर मिळेपर्यंत मुक्काम जगदाळे यांच्या पायरीवर, असं लिहून सही घेतली.

गुरुवारी सकाळी कचऱ्याची बाई आली. विचारानं उठून तिला विचारलं, "तुमच्याकडं येऊ का राहायला?"

"आमच्याकडं येऊन काय करशील? ज्यांनी कप वेगळा ठेवलाय, त्यांच्यात रहा." तिनं बादली उचलली आणि पुढं गेली.

सुमन दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली. "चल, आत ये," ती विचाराला म्हणाली.

"मला कशाला? त्यांना म्हणा."

बाई तीन घरं पुढं पोचली होती. हाक मारायला सुमननं तोंड उघडलं. अकरा वर्षं ती दारात येत होती, आणि सुमननं तिचं नाव कधी विचारलंच नव्हतं.

विचार पायरीवर थोडा सरकून बसला, सुमनला खाली उतरता येईल एवढा.