शांत खोलीतली वीस मिनिटं

माणसांचं मन सांभाळूनही धंदा वाढवता येतो, हे मी दाखवून देणार होतो. मिनियापोलिसला भरलेल्या कारखानदारांच्या दोन दिवसांच्या शिबिरातून गाडी हाकत परत येताना तरी माझी तशी पक्की खात्री होती.

मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला आमचा हातमोजे शिवायचा कारखाना आहे. दोन हिवाळ्यांत मागणी दुप्पट झाली, माणसं मात्र चौदाची चौदाच. सप्टेंबरात अर्लिसबाईंनी चालू मशीनवर स्वतःची बाही मोज्याला शिवून टाकली. बाई माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. मोज्याला त्यांच्याइतका नेमका अंगठा बसवणारं या भागात दुसरं कोणी नाही. बाही उसवत त्या एवढंच म्हणाल्या, "जरा डोळा लागला असेल."

त्या सोडून गेल्या तर कारखान्याला कुलूपच. म्हणून मी शिबिर गाठलं, आणि आल्या आल्या लोकरीची एक कोठी रिकामी करून शांत खोली केली. आरामखुर्ची, मंद दिवा, नाक-डोळे पुसायला कागदी रुमालांचा खोका. दारावर पाटी: 'मन जड झालं असेल तर इथे बसा.'

तीन आठवडे कुणी फिरकलं नाही.

"का हो कुणी बसत नाही?" मी अर्लिसबाईंना विचारलं.

"बसतील की."

"खुर्ची चांगली नाही का?"

"खुर्ची छान आहे." मग एक अंगठा पुरा बसवून, "ती तुझ्या टेबलावरून दिसते, कर्टिस."

आता मालकानेच उदाहरण घालून द्यायला हवं, असं मी ठरवलं. सोमवारी सकाळी दार सताड उघडं ठेवून आत बसलो. डोळे मिटले. मला तेव्हा भयंकर सर्दी झाली होती, त्यामुळे वीस मिनिटांत अर्धा खोका रुमाल संपले. बाहेर सगळी मशीनं हळूहळू थांबत गेली. मला वाटलं, वा, परिणाम होतोय.

मंगळवारी माझ्या टेबलावर गरम हॉटडिश होती, म्हणजे भट्टीत भाजलेलं मांस-भाजीचं पातेलं, वरून बटाट्याच्या गोळ्या ओळीने लावलेलं. आमच्याकडे ती दोनच प्रसंगी येते, बाळंतपणात आणि मयताला. बुधवारी आणखी दोन आल्या. माल रवाना करणारा डुएन माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "थंडी लवकर पडणार यंदा." डुएनच्या तोंडून एवढं म्हणजे हंबरडाच.

"अरे, मला काही झालेलं नाही. सगळं ठीक आहे," मी म्हणालो.

तिथेच चुकलो. आमच्या गावात सगळं ठीक आहे असं फक्त बुडालेला माणूस म्हणतो.

गुरुवारपर्यंत कारखाना बंद पडणार ही बातमी तालुकाभर झाली. दुकानदारांचे फोन सुरू झाले. "शेवटचे म्हणून चारशे जोड पाठवून दे," एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "तुझ्या वडिलांचे मोजे घालूनच आम्ही मोठे झालो." मी सांगितलं, शेवटचे नाहीत, पुढेही मिळतील. तो म्हणाला, "हिंमत सोडू नकोस." आणि चारशेचे सहाशे केले.

इकडे कारखाना वाचवायला म्हणून माणसं न सांगता सकाळी सहाला येऊ लागली. जेवणाची सुट्टी बंद. शनिवारीही मशीनं चालू. माझ्या कारखान्याच्या इतिहासात एवढा माल कधी गेला नव्हता आणि एवढी माणसं कधी पेंगली नव्हती. मी घरी जा म्हटलं की ती आणखी हळवी होऊन जोरात शिवायची.

तिसऱ्या शनिवारी अर्लिसबाईंच्या बोटात सुई गेली. फार नाही, पण रक्त आलं. मी मशीनं बंद करायला लावली आणि सगळ्यांना गोळा केलं.

"कारखाना बुडत नाहीये," मी म्हणालो. "त्या दिवशी मला सर्दी झाली होती."

डुएनने टोपी काढली, परत घातली.

"सर्दी," अर्लिसबाई म्हणाल्या. बोटाला चिंधी गुंडाळलेली. "आणि मी तीन आठवडे नातीला भेटले नाही."

इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती. "मी चुकलो. तुम्हाला काय हवंय ते आता सरळ सांगा. आणखी माणसं? पगार? काहीही."

"दोन माणसं घे. आणि नव्या मागण्या वसंतापर्यंत घेऊ नकोस."

"कबूल."

"आणि तू पाचला घरी जा."

"मी?"

"तुझी गाडी आवारात असते तोवर इथून उठायला संकोच वाटतो," त्या म्हणाल्या. "तू आठपर्यंत बसतोस. मग आम्हीही बसतो. बारा वर्षं झाली."

बाकीचे तेराजण जमिनीकडे बघत होते. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं.

आता मी रोज पाचला घरी असतो. कारखान्यात कुणी पेंगत नाही, मोजे वेळेवर जातात, आणि नव्या दोघींपैकी एकीला अंगठा बसवायला जमू लागलाय. धंदा सावकाश वाढतोय, आणि तो मी तिथे नसताना जास्त वाढतो.

माझी बायको मार्डेल. पहिल्या आठवड्यात मी तिची फडताळं नव्याने लावून दिली. दुसऱ्या आठवड्यात तिला भांडी घासायची अधिक सोयीची पद्धत समजावली. तिसऱ्या आठवड्यात तिने चर्चच्या गायनवृंदात नाव घातलं. सराव रोज संध्याकाळी पाच ते आठ असतो, म्हणते.

तिला गाता येत नाही.