घोड्याला आलेली नोटीस

सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीतला थोरल्या जावयांच्या लग्नाचा फोटो खाली उतरला होता, आणि त्याच खिळ्यावर धाकट्या जावयांना आलेली वकिलांची नोटीस लटकत होती. काचेच्या फ्रेममध्ये. सोनेरी कडेच्या.

थोरले दारातच थबकले. एक चप्पल पायात, एक हातात.

“आमचा फोटो?”

“आहे की. बाथरूमकडे जाताना डाव्या हाताला,” सासूबाई म्हणाल्या. “तिथं उलट जास्त दिसतो. प्रत्येकाला जावंच लागतं तिकडे.”

“वाचा, जावईबापू, वाचा!” सासरे रुमालाने काच पुसत म्हणाले. “थेट कंपनीच्या वकिलांनी लिहिलंय. ‘आपण हे कृत्य तात्काळ न थांबवल्यास.’ तात्काळ! अख्खी नोकरी झाली आमची, पण आमच्याकडून कुणाला कधी तात्काळ म्हणून काही लागलं नाही.”

धाकटे जावई सोफ्याच्या टोकावर संकोचून बसले होते. संकोच खरा होता आणि तोच थोरल्यांना जास्त झोंबला. माणूस मिरवणारा असला की त्याच्यावर जळायला निदान मजा तरी येते.

*

आवृत्ती १.० (मूळ खेळ)

कॉम्प्युटरवरचा एक जुना गेम. त्यात एक राजा, राजाचं भलंमोठं शहर आणि खेळणाऱ्याला बसायला एक पांढरा घोडा. हाच घोडा कंपनीच्या बोधचिन्हावरही आहे, मागच्या पायांवर उभा.
ज्ञात दोष : शहरातलं एकही दार उघडत नाही. सगळी नुसती भिंतीवर रंगवलेली.

*

हा गेम दोन्ही साडू आपापल्या लग्नाआधीपासून खेळत. असल्या गेममध्ये काही हौशी लोक आपल्या पदरचं काहीतरी घुसवतात. कुणी नवा रस्ता, कुणी राजाला नवी टोपी, कुणी जांभळं आकाश. त्याला मॉड म्हणतात. करायला कुणी सांगितलेलं नसतं, केल्यावर कुणी आभार मानत नाही. करायचा, नेटवर ठेवायचा आणि कुणी उतरवून घेतंय का याची वाट बघत बसायचं.

थोरल्यांचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि घरी आलं की दारं करायची, असं कित्येक वर्षं चाललं होतं. राजाच्या शहरातलं एकेक दार त्यांनी उघडं केलं आणि प्रत्येक दारामागे खोली बांधली. कुठे चुलीवर भांडं, कुठे दोरीवर ओले मोजे, कुठे खाटेखाली कुणीतरी दडवलेलं खेळणं. शिंप्याच्या घरात एक अर्धवट शिवलेला सदरा होता. तुम्ही पुन्हा गेलात, की तो थोडा पुढे शिवून झालेला असे. पण पुरा कधी होत नसे. थोरल्यांना आपल्या सगळ्या कामात हा सदरा सर्वांत आवडता.

हे सगळं जगातल्या एका माणसानं उतरवून घेतलं होतं. नेटवर मॉडच्या खाली तसा आकडाच दिसे : एक. थोरल्यांची समजूत अशी, की तो एक म्हणजे आपणच. चुकून बटण दाबलं गेलं असणार.

धाकट्यांचं दारं-खिडक्यांचं दुकान. त्यांनी एका सुट्टीच्या दुपारी, जेवण आणि चहा यांच्या मधल्या वेळात, घोड्याला चष्मा लावला.

बस्स, एवढंच. लोक खुळावले. हजारोंनी तो चष्मा उतरवून घेतला. कंपनीचा तो ऐटबाज घोडा गणिताच्या मास्तरासारखा दिसायला लागला, तशी वकिलांना जाग आली.

“चष्मा!” घरी परतताना थोरले रस्ताभर धुमसत होते. “चष्मा हा माझा धंदा! आणि फिटिंग तरी धड आहे का? घोड्याचे कान डोक्यावर असतात. मग काड्या टेकल्यात कशावर? हवेत! असा चष्मा मी गिऱ्हाइकाला दिला तर तोंडावर फेकून मारेल.”

“पण नोटीस त्यांना आली ना,” बायको म्हणाली.

“माझ्या शिंप्याचा सदरा...”

“अहो, मला कौतुक आहे हो सदऱ्याचं. पण फोटो कुणाचा उतरला? वर धाकटी मला विचारते, ‘ताई, दाजींना नाही का काही आलं?’ जसं काही घरोघरच्या नवऱ्यांना येतंच आहे.”

*

आवृत्ती १.१

नवीन : मत्सर.
बदल : भूक निम्मी केली.
काढून टाकले : धाकट्यांचा फोन पहिल्या रिंगला उचलणे.

*

कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रारीची सोय होती. थोरल्यांनी ‘एक हितचिंतक’ या नावाने लिहिलं : ‘महोदय, एका इसमाने आपल्या शहरातील सर्व दारे विनापरवाना उघडली असून आत घरे थाटली आहेत. इसम हुशार आहे. त्याला वेळीच आवरावे.’ ‘हुशार’ ठेवावं की खोडावं यावर त्यांनी बराच विचार केला आणि अखेर त्याच्यामागे ‘अत्यंत’ घातलं.

उत्तर लगेच आलं.

‘प्रिय हितचिंतक, आम्ही ती दारं पाहिली. किती गोड! असे चाहते हीच आमची खरी संपत्ती. त्यांना सांगा, खेळत राहा!’ पुढे एक हसरा चेहरा.

थोरल्यांना वाटलं, भर चौकात कुणीतरी आपला गालगुच्चा घेतला. घोड्याला ‘तात्काळ’ आणि दारांना ‘गोड’!

मग त्यांनी कंबर कसली. प्रत्येक दारावर कंपनीचं बोधचिन्ह पाटीसारखं ठोकलं, तेही उलटं. घोड्याचे पाय आकाशाकडे. हितचिंतकाने पुन्हा कळवलं. पुन्हा उत्तर आलं : ‘किती कल्पक! खेळत राहा!’ या खेपेला हसरे चेहरे दोन.

त्याच सुमारास दुकानात एक वकीलबाई वाचायचा चष्मा न्यायला आल्या. थोरल्यांनी चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला आणि आवाज खाली आणून विचारलं, “बाई, नोटीस यायला काय करावं लागतं?”

“टाळायला, म्हणताय का?”

“नाही. यायला.”

वकीलबाईंनी चष्मा लावून त्यांच्याकडे पाहिलं. मग काढून पाहिलं. लावल्यावर जास्तच अंधुक दिसत होतं, कारण थोरल्यांनी तंद्रीत भलत्याच नंबरच्या काचा बसवल्या होत्या.

“हे बघा, कुणाचं तरी नुकसान व्हावं लागतं,” त्या म्हणाल्या. घोड्याची हकीकत त्यांनी ऐकून घेतली. “लोक त्यांच्या चिन्हाला हसले, झालं त्यांचं नुकसान. तुमच्या दारांनी कुणाचं काय वाईट केलंय?”

थोरल्यांनी खूप आठवून पाहिलं. कुणाचंच नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या निरुपद्रवीपणाची शरम वाटली.

“माझ्या डोळ्यांचं मात्र तुम्ही आत्ता नुकसान करताय,” वकीलबाई चष्मा परत देत म्हणाल्या. “हवी तर मी पाठवते नोटीस.”

“तुमच्या नोटिशीला सासरे फ्रेम नाही हो करणार,” थोरले खिन्नपणे म्हणाले.

नुकसान हवं होतं. ठीक आहे. हितचिंतकाने तिसऱ्यांदा लिहिलं : ‘ही दारे अपायकारक आहेत. उघडली की कॉम्प्युटर बंद पडतो. माझ्या मेव्हणीचा पडला. तरी संबंधितास कडक नोटीस धाडावी. पत्ता खाली देत आहे. चष्म्याच्या दुकानाबद्दल चौकात कुणालाही विचारावे, घर दाखवतील.’

पाठवून झाल्यावर ते गेममध्ये शिरले खरे, पण शिंप्याच्या घरी जायचा त्यांना धीर झाला नाही.

*

आवृत्ती १.२ (ही मात्र खरोखरच कंपनीने काढलेली)

दुरुस्ती : अपायकारक फाइली हटवण्यात आल्या आहेत.

*

थोरल्यांनी गेम उघडला तेव्हा त्याने स्वतःहून थोडा वेळ झाडलोट केली आणि मग शहर समोर आलं. घोड्यावरून ते थेट शिंप्याच्या दाराशी गेले. दार ढकललं. ते भिंत झालं होतं. शेजारचं ढकललं, भिंत. सगळी आळी पुन्हा रंगवलेली. नेटवरूनही मॉड गेला होता, आणि त्याच्याखालचा तो ‘एक’ही. ना पत्र, ना वकील, ना ‘तात्काळ’.

“दुसरीकडे प्रत असेल ना ठेवलेली?” बायकोने विचारलं.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला थोरले बजावत, “एक जादाचा चष्मा घरात असू द्या हो, सांगता येत नाही.” दारांचा जादाचा जोड त्यांनी कधीच ठेवला नव्हता.

“म्हणजे तुरुंगात तर गेलात,” बायको सावकाश म्हणाली, “पण पेपरात नाव नाही.”

थट्टेनं ती हे म्हणाली नव्हती. थोरल्यांनी दिवा न लावता तिच्याशेजारी बसून चहा घेतला आणि कप तसाच हातात धरून ठेवला. कित्येक वर्षांचं शहर, आणि ते आपण आपल्या हाताने, एका खिळ्यासाठी.

इकडे घोड्याचं नशीब फळफळलं. नोटिशीला घाबरून धाकट्यांनी त्याचा चष्मा नेटवरून काढून घेतला होता, त्यावर जगभर गिल्ला झाला. लोकांनी मांजरांना, आजोबांना, बागेतल्या पुतळ्यांना चष्मे लावून त्यांचे फोटो कंपनीला धाडले. अखेर कंपनी नमली. धाकट्यांना माफीचं पत्र आलं : घोडा चष्म्यासकट राहील. ते लटकवायला सासऱ्यांनी या वेळी स्वतःच्याच लग्नाचा फोटो उतरवला. सासूबाई तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

या आनंदात धाकट्यांनी घरी चहाला बोलावलं. न जावं तर पोटात दुखतंय हे सगळ्यांना कळणार. म्हणून थोरले गेले. दोघी बहिणी स्वयंपाकघरात बोलत बसल्या. थोरले आतल्या खोलीत डोकावले आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

धाकटे गेम खेळत होते. त्यांचा घोडा शिंप्याच्या दाराशी उभा होता. आणि दार उघडलं.

“हे... हे तुमच्याकडे कुठून?”

“तुमचंच की, साडूभाऊ. ठेवलंत त्याच दिवशी उतरवून घेतलं होतं.”

“मग ते पुसलं कसं नाही गेलं?”

“नोटीस आल्यापासून मी गेमला नेटच लावत नाही. घाबरतो हो! त्यामुळे ते नवीन काही माझ्याकडे आलंच नाही. तुमची दारं गेली असं हिच्याकडून कळलं, तशी प्रत काढून ठेवली. एक नाही, दोन.” धाकट्यांनी दोन पेन ड्राइव्ह त्यांच्या हातावर ठेवले.

थोरल्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि मुठीत घट्ट धरले.

“एक सांगू? रागावू नका,” धाकटे मान खाली घालून म्हणाले. “तुमची दारं पाहिली ना, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला होता. दारं हा माझा धंदा आणि केली कुणी, तर चष्मेवाल्यानं! म्हटलं, थांबा, आता चष्मा मी करतो. निव्वळ रागाच्या भरात केला तो घोडा.”

थोरल्यांचा चष्मा धुरकटला. त्यांनी तो काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, गिऱ्हाइकांना ते नेहमी करू नका म्हणून सांगतात तसा. मग खुर्ची ओढून साडूंना खेटून बसले. “चला,” ते म्हणाले, “आत चला. बघू तरी आमचा शिंपी काय म्हणतोय.”

घोडा आत गेला. थोरल्यांनी चष्मा वर-खाली केला.

“हे दार आत कसं उघडलं?”

“बिजागऱ्या बदलल्या मी. तुमची दारं रस्त्यात उघडत होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकावर. असं दार मी गिऱ्हाइकाला दिलं तर घरी येऊन मारेल तो.”

“आणि सदरा? सदरा कुठाय माझा?”

“तो होय? पुरा करून टाकला. कधीचा लोंबकळत होता बिचारा.”

तेवढ्यात चुलीजवळ एक दुसरा घोडा वळला. नाकावर चष्मा होता. अंगात सदरा होता. बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

थोरले ताडकन उठले. खुर्ची मागे कलंडली.

“कुणाला विचारून? माझी दारं, माझा शिंपी, आणि माझा सदरा घोड्याला? परवानगी घेतली होती? मी... मी नोटीस पाठवीन तुम्हाला! वकिलाची! तात्काळ!”

धाकट्यांचे डोळे लकाकले.

“खरंच पाठवाल?” ते अर्धे उठले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, “अगं ए, ऐकलंस का? बाबांना फोन लाव, म्हणावं अजून एक खिळा ठोकून ठेवा! साडूभाऊ स्वतः पाठवतायत!”

“अय्या, तिसरी फ्रेम?” आतून धाकटीचा आवाज आला. पाठोपाठ थोरल्यांच्या बायकोचा : “अहो! पाठवाल तर खबरदार!”

थोरल्यांना ती भिंत दिसली. तीन सोनेरी फ्रेमा ओळीने, मधलीवर खाली आपली सही, आणि सासरे रुमालाने काच पुसून पाहुण्यांना वाचून दाखवताहेत. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. पडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली, दोन्ही पेन ड्राइव्ह खिशात घालून खिसा चाचपला, आणि महाप्रयासाने चेहरा हसरा करून साडूंच्या खांद्यावर थोपटलं.

“छे हो, नोटीस कसली?” ते म्हणाले. “किती गोड! तुमच्यासारखे चाहते हीच तर आमची खरी संपत्ती. खेळत राहा.”